रंगांचा शेजार

नागपूरहून वर्ध्याकडे जाताना वाटेत केळझर लागते. टेकडीवरील गणपतीच्या देवळामुळे या गावाचे नाव दूरवर पोहोचले आहे. अशा गावांतील जुन्या घरांना रंग निवडण्याची चिंता फारशी नसे. भिंतीला चुना, त्यात चिमूटभर नीळ आणि खाली जमिनीलगत गेरूचा पट्टा, एवढ्यात दिवाळीची तयारी होत असे. आता विटा-सिमेंटची घरे उभी राहिली आहेत आणि दुकानात शेकडो रंगांचे नमुने पाहावयास मिळतात. समजा, केळझरच्या एखाद्या घरात एका भिंतीला वेलबुट्टीचा कागद, म्हणजे वॉलपेपर, लावावयाचे ठरले. मग उरलेल्या तीन भिंतींना कोणता रंग द्यावा?

येथे बहुधा एक चूक होते. घरातील प्रत्येक जण आपल्या आवडीचा रंग सांगू लागतो. थोरल्याला पोपटी हवा असतो, धाकटीला गुलाबी. शेवटी ज्याचा आवाज मोठा, त्याचा रंग भिंतीवर चढतो. कागदही सुंदर आणि रंगही सुंदर. परंतु दोन्ही एकत्र आले की त्या खोलीत बसवत नाही. मग बिचाऱ्या रंगाऱ्याला बोल लावला जातो. वस्तुतः दोष ना रंगाचा असतो, ना रंगाऱ्याचा. तो शेजाराचा असतो.

ही गोष्ट फ्रान्समधील एका रसायनशास्त्रज्ञाने फार चांगली उलगडून दाखविली आहे. पॅरिस येथे गोब्लाँ नावाचा चित्रमय पडदे विणण्याचा प्रसिद्ध कारखाना आहे. तेथील रंगकामाची व्यवस्था 1824 साली मिशेल शेव्रल यांच्याकडे आली. निळ्याजांभळ्या कापडावर विणलेला काळा धागा फिका दिसतो, अशी तक्रार त्यांच्या कानी आली. शेव्रल यांनी तो धागा तपासून पाहिला. रंग उत्तम होता! शेजारच्या निळ्याजांभळ्यामुळे तो डोळ्यांना फिका भासत होता. यावर त्यांनी वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि 1839 साली एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. भिंतीच्या कागदांचा विचारही त्यात आहे. शेव्रल पुढे शंभरी ओलांडून जगले.

त्यांचे म्हणणे वर्गातही पडताळून पाहता येते. करड्या कागदाचे दोन सारखे तुकडे घ्यावेत. एक हिरव्या कागदावर ठेवावा आणि दुसरा लाल कागदावर. हिरव्यावरील तुकड्यात किंचित लाली दिसू लागते, तर लालवरील तुकड्यावर हिरवट छटा येते. तुकडे तर एकाच कागदाचे!

म्हणून कागद आधी निवडावा आणि रंग मागाहून. रंगात रंग मिसळून हवी ती छटा करता येते. छापून आलेला कागद मात्र बदलता येत नाही. कागद नीट न्याहाळला, तर त्याच्या नक्षीतच भिंतीचा रंग दडलेला असतो. मात्र नक्षीतील सर्वांत भडक रंग उचलू नये. बोटाएवढ्या फुलात जो लाल रंग गोड दिसतो, तोच तीन भिंतींवर पसरला की डोळ्यांत खुपतो. आणि विदर्भातील ऊन तर मुळातच प्रखर! नक्षीच्या मागील जमिनीचा किंवा पानांतील फिका रंग घ्यावा. ‘पांढरा कशालाही चालतो’ असे अनेक जण म्हणतात. तेही पूर्णतः खरे नाही. सायीच्या रंगाच्या कागदाशेजारी शुभ्र पांढरी भिंत आली, तर तोच कागद मळका वाटू लागतो.

यावर कोणी म्हणेल की, इतके जुळवून घेतल्यास खोली निर्जीव दिसेल. त्याने वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला जाऊन यावे. गांधीजी 1936 साली तेथे राहावयास आले. तेथील बापूकुटीच्या भिंतींवर मीराबेन यांनी ताडाची झाडे आणि चरखा मातीच्या उठावाने काढले आहेत. त्या चित्रांना वेगळा रंग नाही. भिंत आणि चित्र एकाच रंगाचे. केवळ उजेडाने पडणाऱ्या सावलीमुळे आकार उमटतात. तरीही ती भिंत निर्जीव आहे असे कोणीही म्हणणार नाही.

मत विचारावयाचेच असेल, तर ते त्या खोलीत दिवसभर वावरणाऱ्याला विचारावे. पाहुणा घटकाभर बसून जातो. आजीला तेथेच दुपार काढावयाची असते. निवडलेला रंग आधी कागदाशेजारी हातभर जागेत लावून ठेवावा आणि आजीने तो सकाळी, भर दुपारी व रात्री दिव्याच्या उजेडात पाहावा. दुकानात पिवळा वाटलेला रंग उन्हात कित्येकदा पांढुरका दिसतो. हातभर जागा पुन्हा रंगविण्यास चार आणे खर्च होत असेल, तर तीन भिंती पुन्हा रंगविण्यास सबंध हंगामातली बचत जाते.