कढईतलं तेल आणि कायद्याचा फास



काही दिवसांपूर्वी आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गाला येणारा एक तरुण वर्ग संपल्यावर मागे थांबला. त्याच्या आईला तोंडाचा कॅन्सर आहे. आयुष्यभर मिश्री लावली, घरकामं केली, आणि गालातली जखम दाखवायला गेली तेव्हा उशीर झाला होता. त्याने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. गांजापासून घरच्या घरी घट्ट काळं तेल काढायचं, रोज तांदळाच्या दाण्याएवढं द्यायचं, कॅन्सर मुळासकट जातो म्हणे. तो म्हणाला, "दादा, माल मिळेल. बाकीचं मी घरीच करतो. फक्त हे खरं आहे का तेवढं सांगा."

आमच्यात तीन तऱ्हा झाल्या. एक म्हणाला, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने नशेच्या वस्तूचं नावही काढू नये. दुसरी म्हणाली, झाडपाल्याचं औषध आहे, देऊन बघायला काय जातं? तिसरा गप्प बसला. त्या पोराला आम्ही त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकलो नाही याची आम्हाला लाज वाटते. म्हणून बसलो, वाचलं, वकिलांशी आणि डॉक्टरांशी बोललो. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेलं उत्तर.

आमची भूमिका आधीच सांगतो. घरात हे तेल काढू नका. पण ज्या व्यवस्थेने एका कष्टकरी बाईच्या पोराला कढईपर्यंत आणून उभं केलं, तिलाही आम्ही सोडणार नाही.

आधी दावा तपासू

या तेलाचा गाजावाजा केला तो कॅनडातल्या रिक सिम्पसन नावाच्या माणसाने. तो डॉक्टर नव्हे. २००३ साली आपल्या त्वचेचा कॅन्सर आपण या तेलाने बरा केला, असं तो सांगतो. त्याच्या नावानेच हे तेल जगभर ओळखलं जातं. पण या तेलाने माणसाचा कॅन्सर बरा होतो, हे कोणत्याही रीतसर वैद्यकीय चाचणीत सिद्ध झालेलं नाही. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशी मरणं आणि माणसाच्या शरीरात त्या मरणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. काचेच्या बशीत तर ब्लीचनेही पेशी मरतात.

म्हणजे या वनस्पतीत औषधी गुण नाहीत का? आहेत. केमोथेरपीच्या उलट्यांवर यातल्या घटकांची औषधं बऱ्याच देशांत वापरली जातात. लहान मुलांच्या दोन दुर्धर अपस्मारांवर, म्हणजे फिट येण्याच्या आजारांवर, अमेरिकेने २०१८ मध्ये 'एपिडायोलेक्स' या औषधाला मान्यता दिली. त्यात गांजातला कॅनाबिडिओल हा नशा न आणणारा घटक आहे, शुद्ध केलेला आणि मोजलेला. मोजलेला हा शब्द लक्षात ठेवा. घरच्या कढईत तोच नसतो.

सुकलेल्या गांजात नशा आणणारा घटक जेवढा असतो, त्याच्या कितीतरी पट या तेलात एकवटतो. त्याबरोबर झाडावर मारलेलं कीटकनाशक असेल तर तेही एकवटतं. पोटातून घेतलेल्या तेलाचा अंमल चढायला तास-दोन तास लागतात. तोवर "काहीच झालं नाही" म्हणून दुसरा डोस दिला जातो, आणि मग आधीच खंगलेल्या माणसाचा रक्तदाब घसरतो, भास होतात, तोल जाऊन पडणं होतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसारख्या औषधांशीही याची गाठ पडते आणि त्यांचा परिणाम बिघडतो.

शिवाय आग. हे तेल काढताना जे द्रव वापरतात त्यांची वाफ पेट घेणारी असते, हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत जाते आणि शेजारच्या शेगडीपर्यंत पोचते. दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे स्वयंपाक, झोपणं, पोरांचा अभ्यास आणि गॅसची टाकी एकाच ठिकाणी, तिथे हा प्रकार म्हणजे अख्ख्या चाळीचा जीव टांगणीला लावणं आहे. अमेरिकेत अशा घरगुती स्फोटांत भाजलेल्यांनी दवाखान्यांचे वॉर्ड भरले आहेत.

पण सगळ्यात मोठं नुकसान आम्हाला वेगळंच दिसतं. तेलावर भरवसा ठेवून माणूस उपचार सोडतो, शस्त्रक्रियेची तारीख चुकवतो. कॅन्सरमध्ये गेलेला महिना परत येत नाही. बुद्धांनी कालामांना सांगितलं ते आपण भाषणात शंभरदा सांगतो: परंपरेने आलं म्हणून, ऐकीव आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका. मग मोबाईलवर आलं म्हणून का मानायचं?

कायदा काय म्हणतो

आता कायद्याकडे येऊ, कारण आमच्या वस्तीतल्या पोरांना आजारापेक्षा तो लवकर गाठतो.

अमली पदार्थांचा कायदा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, १९८५ सालचा. त्याच्या कलम २ मध्ये कॅनाबिसची व्याख्या आहे. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. चरस म्हणजे वेगळी काढलेली राळ, आणि त्यातच 'हशीश तेल' नावाने ओळखला जाणारा घट्ट अर्कही येतो. म्हणजे तुम्ही आईसाठी औषध समजून जे काढाल, ते कायद्याच्या नजरेत चरस.

याचा अर्थ नीट समजून घ्या. गांजाचं 'अल्प प्रमाण' १ किलोपर्यंत आहे, चरसाचं फक्त १०० ग्रॅमपर्यंत. गांजाचं 'व्यापारी प्रमाण' २० किलोपासून, चरसाचं १ किलोपासून. कढई चढवली की गुन्ह्याचं माप दहा ते वीस पट कडक होतं. वर २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने हिरा सिंग खटल्यात ठरवलं की मिश्रण असेल तर नुसत्या अमली घटकाचं नव्हे, अख्ख्या मिश्रणाचं वजन धरायचं. अर्क खोबरेल तेलात मिसळून बाटल्या भरल्या, तर सरकारी वकील खोबरेलाचं वजनही तुमच्या अंगावर मोजायला लावणार.

शिक्षा? अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत. व्यापारी प्रमाणाला किमान दहा, कमाल वीस वर्षं, आणि तिथे कलम ३७ मुळे जामीन जवळपास अशक्य. कलम ५४ प्रमाणे तर अर्क काढण्यासाठी खास जुळवलेली भांडीकुंडी आणि मागे राहिलेला अंश सापडला तरी गुन्हा गृहीत धरता येतो. आपण निर्दोष आहोत हे मग आपणच सिद्ध करायचं. खोली आईच्या नावावर असेल आणि तिने जाणूनबुजून हे होऊ दिलं असं ठरलं, तर कलम २५ खाली तीही आरोपी. जिच्यासाठी केलं तिलाच कोर्टाची पायरी!

आणि हा कायदा सगळ्यांना सारखा लागतो का? देशातल्या कैद्यांपैकी सुमारे पाऊण भाग कच्चे कैदी आहेत. त्यांच्यात अनुसूचित जाती, आदिवासी आणि मुस्लिम यांचा वाटा लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त आहे, हे सरकारचेच आकडे दरवर्षी सांगतात. २०२१ च्या मुंबई क्रूझ प्रकरणात एका बड्या नटाच्या मुलाकडे काही सापडलं नव्हतं, पुढे त्याच्यावर आरोपपत्रही दाखल झालं नाही. तरी देशातले नामांकित वकील उभे करून त्याला बाहेर यायला जवळपास चार आठवडे लागले. ज्याच्याकडे वकिलाला द्यायला हजार रुपये नाहीत, त्या पोराला किती लागतील, याचा हिशोब तुम्हीच करा.

एकाच झाडाच्या दोन जाती

इथे आम्हाला एक जुनी ओळख पटते. झाड एकच, पण त्यालाही वर्णव्यवस्था आहे.

पानं, म्हणजे भांग, एनडीपीएसच्या व्याख्येबाहेर ठेवली आहेत. राजस्थानात, उत्तर प्रदेशात भांगेची सरकारमान्य दुकानं आहेत. इंग्रज सरकारने १८९३-९४ मध्ये भांग-गांजाच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्याने अकराशेहून जास्त साक्षी नोंदवल्या आणि सरसकट बंदी नको म्हटलं. त्याच्या कारणांत हिंदूंच्या धार्मिक भावनांचाही विचार होता. महाशिवरात्रीची भांग 'प्रसाद', कुंभमेळ्यातली साधूची चिलीम 'साधना', आणि नाक्यावरच्या मजुराची चिलीम 'गुन्हा'. महाराष्ट्रात भांगेलाही परवाना लागतो, पण सणाच्या दिवशी परवाना कोण कोणाला विचारतो, हे आपण पाहतो.

आता नवा थर आला आहे. भांगेच्या पानांचा अर्क 'विजया' या आयुर्वेदिक नावाने, आयुष परवान्यावर, सुबक बाटलीत ऑनलाईन विकला जातो. डॉक्टरांशी व्हिडिओवर बोला, चिठ्ठी घ्या, हजारो रुपये भरा. तो बेकायदा आहे असं आमचं म्हणणं नाही. ज्याच्याकडे पैसा आणि चिठ्ठी आहे त्याचं तेल औषध, आणि ज्याच्याकडे दोन्ही नाही त्याचं तेल चरस, एवढंच आम्ही दाखवतो आहोत.

प्रतिज्ञेचा प्रश्न

आमच्या पहिल्या मित्राचा आक्षेप मात्र टाळता येणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातलं पाचवं शील मोह आणणाऱ्या मादक पदार्थांपासून दूर राहायला सांगतं. व्यसनाने आपल्या किती घरांची राख केली ते आम्ही रोज पाहतो. मौजेसाठी गांजा ओढणाऱ्या पोरांनी या लेखाचा आधार घेऊ नये, हे स्पष्ट सांगतो.

पण नशा आणि औषध यांत फरक करायला धम्मानेच शिकवलं आहे. विनयपिटकाच्या महावग्गात औषधांवर अख्खा एक खंधक आहे. पिलिंदवच्छ थेरांना वाताचा आजार झाला. वैद्यांनी औषधी तेल कढवायला आणि त्यात थोडं मद्य घालायला सांगितलं. बुद्धांनी परवानगी दिली. काही भिक्खूंनी भरमसाट मद्य घातलं, ते तेल प्याले आणि झिंगले. तेव्हा बुद्धांनी बंदी घालून विषय संपवला नाही. त्यांनी माप घालून दिलं: ज्या तेलात मद्याचा रंग, वास, चव कळत नाही तेच पोटात घ्यावं, जास्त मद्य पडलेलं असेल ते अंगाला चोळायला वापरावं. त्याच ठिकाणी वातासाठी भंगोदकाचा, म्हणजे भांगेच्या पाण्याचा शेकही मान्य केला आहे.

अडीच हजार वर्षांपूर्वीची ही कढई आम्हाला आजच्या धोरणासाठी पुरेशी वाटते. वैद्याचा सल्ला हवा, माप हवं, गैरवापराला आळा हवा, आणि दुखणाऱ्याला आराम हवा. संविधानाच्या कलम ४७ मध्येही राज्याने मादक पेयं आणि अपायकारक अमली पदार्थांवर बंदीसाठी प्रयत्न करावेत म्हणताना औषधी वापराचा अपवाद ठेवला आहे. तेव्हा, मित्रा, आईच्या वेदनेवर औषध शोधणाऱ्या पोराला प्रतिज्ञाभंगाचा धाक घालू नकोस. ते शीलपालन नाही, तो कोरडा सोवळेपणा आहे.

मग मागायचं काय?

त्या पोराशी परत बोललो तेव्हा एक गोष्ट उलगडली. कॅन्सर बरा होईल अशी त्याची आशा कधीच मावळली होती. आई रात्रभर कण्हते, ते त्याला ऐकवत नव्हतं. त्याला हवा होता वेदनेवर उतारा, आणि तो उतारा या देशात कायदेशीर आहे. त्याचं नाव मॉर्फिन.

मध्य प्रदेश आणि राजस्थानात सरकारी परवान्याने अफू पिकते. ही गोळी महाग नाही. २०१४ मध्ये संसदेने एनडीपीएस कायदा दुरुस्त करून अशी वेदनाशामकं रुग्णांपर्यंत पोचणं सोपं केलं. तरी किती तालुक्यांत ती मिळते? कितीजणांना 'पॅलिएटिव्ह केअर', म्हणजे दुखणं हलकं करणारी सेवा, हा शब्द तरी माहीत आहे? परळला टाटा रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर अंथरूण टाकलेली कुटुंबं बघा. गावाकडे उपचार असते तर ती तिथे कशाला आली असती?

म्हणून आमच्या मागण्या अशा. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह विभाग आणि मॉर्फिन मिळालंच पाहिजे. कॅनाबिसच्या औषधांवर सार्वजनिक संस्थांत संशोधन व्हावं, आणि जे सिद्ध होईल ते सरकारी दवाखान्यात मोफत मिळावं. २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांत कॅनाबिसला सर्वांत कडक यादीतून काढायला भारताने बाजूने मत दिलं, मग देशात गप्प का? आणि अल्प प्रमाणासाठी तुरुंग नको, उपचार हवेत.

कार्यकर्त्यांनी आजपासून करायचं ते असं. असा व्हिडिओ आला तर पुढे पाठवू नका. रुग्ण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, कागदपत्रं काढून द्या, आणि डॉक्टरांना वेदनेबद्दल वेगळं विचारा. कोणी पकडला गेला तर दोन गोष्टी पाठ ठेवा: अंगझडती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर मागण्याचा हक्क कलम ५० देतं, आणि विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया आणि कोठडीतली व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मिळतो.

त्या तरुणाने कढई चढवली नाही. दोन कार्यकर्ते त्याच्यासोबत दवाखान्यात गेले, तीन खेटे घातले, आणि चौथ्या खेपेला गोळ्या मिळाल्या. आजार आहे तिथेच आहे. पण ती माउली आता रात्री झोपते. हा हक्क मिळवायला कोणालाही कार्यकर्ते सोबत न्यावे लागू नयेत, लढाई एवढ्यासाठीच आहे.

जय भीम! जय संविधान!