पिन जुळली, पुढे काय?

दसऱ्याला मुलाने पुण्याहून एक चार्जर पाठवला. साबणाच्या लहान वडीएवढा, हातात घेतला तर जरा जड, आणि अंगावर बारीक अक्षरांत '६५ वॉट'. सोबत फोनवरून सूचना : 'बाबा, आता ड्रॉवरमधली ती सगळी अडगळ काढून टाका. लॅपटॉप, फोन, टॅब, आईचं वाफेचं मशीन, सगळं सी-टाइप आहे. एकावर भागेल.' आमच्या घरातील तो ड्रॉवर हा एक स्वतंत्र विषय आहे. नोकियाच्या जाड्या पिनेपासून बारीक पिनेपर्यंत आणि तिथून चपट्या पिनेपर्यंत, पंचवीस वर्षांचा मोबाइलचा इतिहास त्यात गुंतवळ होऊन पडला आहे. त्यामुळे सूचना मनापासून पटली.

दिवाळीनंतर मेहुण्यांच्या मुलीच्या लग्नाला दापोलीला गेलो, तेव्हा तो एकच चार्जर आणि त्याची एकच केबल बरोबर घेतली. हिला दम्याचा त्रास आहे. त्यासाठी मुठीत मावणारा, बॅटरीवर चालणारा नेब्युलायझर आम्ही प्रवासात ठेवतो. दुपारी तीन तास तो चार्जरला लावून ठेवला. पिन व्यवस्थित बसली होती. दिवा लागला की नाही हे मी पाहिले नाही. पिन बसली म्हणजे काम झाले, ही माझी समजूत. रात्री एकच्या सुमारास हिला धाप लागली आणि यंत्र ढिम्म. पंप जवळ होता म्हणून निभावले. तरीही वऱ्हाडातल्या कुणाच्या तरी बॅगेतून जुना, चौकोनी खाचेचा चार्जर निघून ते यंत्र सुरू होईपर्यंतची वीस मिनिटे मी विसरणार नाही. 'अहो, दुपारी लावलं होतंत ना?' एवढेच ती नंतर म्हणाली.

बँकेत चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला हे लागावे असेच होते. घरी आल्यावर वही काढली, रकाने आखले आणि जेवणाच्या टेबलावर घरातली सगळी यंत्रे मांडली. शेजाऱ्यांचा पुतण्या इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला आहे. तो केबलच्या मध्ये लावायचे अंगठ्याएवढे मीटर घेऊन आला. व्होल्ट, अँपिअर आणि वॉट ते तिथल्या तिथे दाखवते. दोन रविवार आमचे हेच चालले होते.

आधी एक भीती दूर करू, कारण ती घरोघर आहे. ६५ वॉटचा चार्जर लहान फोनला लावला तर फोन जळत नाही. वॉट ही मंजूर मर्यादा आहे. कॅश क्रेडिट खात्याला दहा लाखांची मर्यादा मंजूर झाली म्हणून बँक दहा लाख गिऱ्हाइकाच्या अंगावर फेकत नाही; त्याला लागेल तेवढी उचल तो करतो. व्होल्टचे मात्र तसे नसते. चुकीच्या दाबाची वीज यंत्र मारू शकते. म्हणून टाइप-सीच्या रचनेत एक पायरी घातली आहे. पिन बसताच चार्जर वीज सोडत नाही. समोरच्या यंत्रात एक ठराविक रोध आहे का, हे तो आधी तपासतो. तो सापडला तर पाच व्होल्ट देतो. मग 'यूएसबी पॉवर डिलिव्हरी' नावाच्या भाषेत बोलणी होतात : माझ्याकडे ५, ९, १५, २० व्होल्ट आहेत, तुला काय झेपेल? आम्ही खाते उघडताना ओळखीची कागदपत्रे मागत असू, त्यातलाच हा प्रकार.

आणि इथेच हिचा नेब्युलायझर अडला होता. त्याच्या अंगाला खाच सी-टाइपची, पण ओळख पटवणारे ते दोन किरकोळ किमतीचे रोध आत बसवलेलेच नाहीत. नव्या चार्जरच्या दृष्टीने समोर कोणीच नाही, मीटरवर शून्य. तेच यंत्र ड्रॉवरमधल्या जुन्या, चौकोनी खाचेच्या चार्जरला त्याच्या सोबत आलेल्या केबलने जोडले, की तत्काळ दिवा. जुना चार्जर कोणाची ओळख विचारत नाही. गावातल्या जुन्या वाण्यासारखे पाच व्होल्ट तो सर्वांपुढे सदैव धरून असतो. माझा ट्रिमर आणि वीज गेल्यावर लागणारी विजेरी यांचीही गत हीच निघाली. ही काटकसर केवळ स्वस्त मालात होते असे मात्र समजू नये. २०१९ साली 'रास्पबेरी पाय ४' हा जगभर नावाजलेला छोटा संगणक बाजारात आला. त्याच्या दोन तारांना मिळून एकच रोध दिला होता, आणि लॅपटॉपच्या चांगल्या, महागड्या केबलींवरच तो चालेना. कंपनीने चूक मान्य करून पुढच्या आवृत्तीत ती सुधारली.

बाकीची नोंद मिश्र आहे. ज्यावर मी लिहितो तो लॅपटॉप २० व्होल्टवर बिनतक्रार चालला. सुनेचा कचेरीचा लॅपटॉप याहून खादाड. 'चार्जर कमी शक्तीचा आहे' असा इशारा देत तो रांगत राहिला. जुन्या लॅपटॉपची पिन गोल, तो बादच. माझ्या फोनच्या खोक्यावर ८० वॉटची फुशारकी आहे, पण ती त्याच कंपनीच्या चार्जरशी आणि त्याच कंपनीच्या गुप्त भाषेत. या चार्जरकडून त्याने १५ ते १८ वॉटच घेतले. केबल बदलली की आकडे बदलत. तीन अँपिअरहून अधिक प्रवाहासाठी केबलच्या टोकात ओळख सांगणारी चिप असावी लागते; नसली तर चार्जर हात आखडता घेतो. बाहेरून दोन्ही केबली जुळ्या बहिणी. चार्जरला दोन तोंडे आहेत, पण दुसऱ्यात फोन लावताच लॅपटॉप क्षणभर बंद पडल्यासारखा होतो आणि मग ६५ वॉटची वाटणी ४५ आणि २० अशी होते. हे चार्जरच्या पोटावर लिहिलेले आहे, भिंगाने वाचता येते. सर्वांत मजा पॉवर बँकेची. तिने फोनला वीज द्यायची की फोनने तिला, यावर दोघांचे काही केल्या एकमत होईना. पुतण्या म्हणाला, 'काका, यांचा समेट तुम्हीच करा.'

चार्जर एवढासा कसा झाला, याचे श्रेय गॅलियम नायट्राइड या पदार्थाला. निळ्या एलईडी दिव्याबद्दल २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल तिघा शास्त्रज्ञांना मिळाले, त्या दिव्याच्या मुळाशीही हाच पदार्थ आहे. सिलिकॉनपेक्षा तो कितीतरी वेगाने वीज चालू-बंद करू शकतो, त्यामुळे आतला ट्रान्सफॉर्मर लहान होतो आणि उष्णताही कमी निघते. विज्ञानाने आपले काम चोख केले आहे. घोळ आहे तो पुढचा.

हा घोळ निस्तरण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न युरोपचा. २००९ साली तिथे तीसहून अधिक प्रकारचे चार्जर होते. त्या वर्षी कंपन्यांनी आपसात करार केला, पण स्वेच्छेच्या कराराला पळवाटा असतात. अखेर ४ ऑक्टोबर २०२२ रोजी युरोपीय संसदेने १३ विरुद्ध ६०२ मतांनी कायदाच केला. फोन, टॅब, कॅमेरे, इअरफोन यांना २८ डिसेंबर २०२४ पासून टाइप-सी सक्तीचे झाले. लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही मुदत ठेवण्यात आली. ॲपलने २०१२ पासून चालवलेली आपली वेगळी पिन सप्टेंबर २०२३ च्या आयफोन १५ मध्ये सोडली, ती याच रेट्याने.

वर्तमानपत्रांत बातमी झाली ती पिनेची. माझ्या मते त्या कायद्यातला खरा ऐवज दुसरीकडे आहे. यंत्राला कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती वॉट लागतात, ते 'पॉवर डिलिव्हरी'ची भाषा जाणते की नाही, खोक्यात चार्जर आहे की नाही, हे सारे खोक्यावर चित्रासह छापण्याची सक्ती त्यात आहे. शिवाय कंपनीला स्वतःची गुप्त भाषा ठेवायची तर ठेवावी, पण सामाईक भाषा पूर्ण चालली पाहिजे, अशीही अट आहे.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याच्या बैठकीत टाइप-सीवर एकमत झाले आणि जानेवारी २०२३ मध्ये भारतीय मानक ब्युरोने मानकही जाहीर केले. ते मुळात खाच, प्लग आणि केबल यांचे मानक. चार्जर सुरक्षित आहे की नाही यासाठी ब्युरोची सक्तीची नोंदणी आधीपासून आहे. अंगावरचा 'आर' ने सुरू होणारा क्रमांक तो, आणि खरेदी करताना तो अवश्य पाहावा. पण सुरक्षित असणे वेगळे आणि जुळणे वेगळे. घरातली नऊ खोकी मी माळ्यावरून काढून तपासली. यंत्राला नेमका कसला चार्जर लागेल हे दोनच खोक्यांवर सापडले.

पूर्वी हा प्रश्न ग्राहकाचा नव्हता, कारण चार्जर खोक्यातच यायचा. ॲपलने ऑक्टोबर २०२० मध्ये आयफोन १२ पासून तो देणे थांबवले आणि इतरांनी तो कित्ता गिरवला. कारण कचऱ्याचे दिले गेले, आणि ते खोटे नाही. टाकलेल्या व न वापरलेल्या चार्जरांचा कचरा वर्षाला ११,००० टन, असा युरोपीय आयोगाचा अंदाज आहे. जगात २०२२ साली ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला. त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुन्हा वापरात आल्याची नोंद आहे. पण जुळणीची खात्री नसेल तर कोणता गृहस्थ ड्रॉवर रिकामा करील? चार्जर खोक्यातून काढला तेव्हा वाचलेले पैसे कंपनीकडे राहिले आणि तपासणीचे काम माझ्या जेवणाच्या टेबलावर आले. चेक सगळ्या बँकांचे एकाच मापाचे झाले म्हणून ते सगळे वटत नाहीत. ते वटावेत यासाठी क्लिअरिंगचे नियम, मुदती आणि जबाबदाऱ्या ठरवाव्या लागल्या.

नेब्युलायझरच्या कंपनीला मी पत्र लिहिले. आठ दिवसांत सभ्य उत्तर आले : 'सोबत दिलेलीच केबल वापरावी, असे माहितीपुस्तिकेत नमूद आहे.' पाहिले, तर खरोखरच नमूद होते, अकराव्या पानावर. मी पुन्हा लिहिले आहे की, औषध देणाऱ्या यंत्रावर ही सूचना खाचेशेजारीच ठसठशीत छापा, आणि पुढच्या घडणीत ते दोन रोध बसवा. त्याचे उत्तर यायचे आहे. ड्रॉवर जसाच्या तसा आहे. त्यातला एक चौकोनी खाचेचा चार्जर आणि यंत्राची मूळ केबल तेवढी काढून, रबरबँड लावून हिच्या औषधांच्या पिशवीत ठेवली आहे. दिवा लागला का, हे आता ती स्वतः पाहते.