बीप वाजणारच, पण खुर्ची तरी ठेवा

विमानतळ आता आपल्या खारघरकरांच्या दारात आलाय. २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडायला लागली आणि आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठ मंडळींचे बेत सुरू झाले. कुणाची लेक बंगळुरूला, कुणाचा नातू दिल्लीला. सहारपर्यंत जायची कटकट गेली, खरंय. सगळीकडे चर्चा पार्किंगची आणि तिथल्या चहाच्या भावाची. मला काळजी आहे ती सिक्युरिटी चेकची.

आईचे दोन्ही गुडघे बदललेत. म्हणजे त्या चौकटीतून गेली की बीप वाजणारच. मागे एका विमानतळावर (नाव मुद्दाम घेत नाही) तिला सँडल काढायला लावले. टेकायला जागा नाही. मी पलीकडे पुरुषांच्या रांगेत. पडद्याआड छोट्या चौथऱ्यावर चढायला सांगितलं, धरायला काही नाही. ऑपरेशनचे कागद पर्समध्ये आणि पर्स एक्स-रे मशीनमध्ये! बाहेर आली आणि म्हणाली, "पुढच्या वेळी ट्रेननेच जाऊ." तपासणाऱ्या मुलीवर माझा राग नाही हां. मागे शंभर माणसं खोळंबलेली असताना तीही काय करणार?

सुधा चंद्रन आठवतात ना? जयपूर फूट लावून नाचणाऱ्या, 'नाचे मयूरी'वाल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी व्हिडिओ टाकला होता की दर वेळी विमानतळावर कृत्रिम पाय काढायला लावतात. ईटीडी करा, म्हणजे स्फोटकांचे अंश शोधणारं मशीन वापरा, अशी विनंती करूनही. सीआयएसएफने माफी मागितली आणि सांगितलं, अपवादात्मक परिस्थितीतच अवयव काढायला सांगायचं असा नियम आहे.

म्हणजे नियम होताच! पण तो ड्यूटीवरच्या माणसाला आठवला तर तुमचं नशीब. त्या निदान प्रसिद्ध होत्या. पनवेलच्या एसटी स्टँडवरून आलेल्या, कृत्रिम पायाच्या एखाद्या काकांचा व्हिडिओ कोण बघणार?

तपासू नका असं कुणीच म्हणत नाही. कसून तपासा. पण आधी ते मशीन वापरा. आणखी तपासायचं असेल तर बंद खोलीत, घरचं माणूस सोबत ठेवून. रांगेजवळ दोन खुर्च्या, चौथऱ्याला कठडा आणि मराठीत एक ठळक पाटी की कृत्रिम अवयव किंवा गुडघ्याचं ऑपरेशन असेल तर आधी सांगा, वेगळी तपासणी मिळेल. हजारो कोटींच्या विमानतळाला हे जड आहे का?

दि. बां.च्या नावासाठी जून २०२१ मध्ये आपली माणसं सिडको भवनावर धडकली होती. त्याच विमानतळात आपल्या म्हाताऱ्यांसाठी खुर्ची मागायला मोर्चाही लागू नये.

इथून कुणी आईवडिलांना घेऊन गेलं असेल तर लिहा, बसायला मिळालं का? आईचं तिकीट काढायचंय.