दोन वाहनांमधील अंतर

मागच्या वाहनाने पुढच्या वाहनाला धडक दिली, की रस्त्यावरच निवाडा होतो. जमलेले लोक ‘चूक मागच्याचीच’ असे ठरवतात, आवाज चढतात आणि अखेर काही रुपये हातावर ठेवून प्रकरण मिटवले जाते. किरकोळ पोचा आला असेल, तर ही रीत खपून जाते. पण कोणाच्या जिवावर बेतले असेल, तर असा घाईचा निवाडा अन्यायाचे कारण ठरतो.

या लोकसमजुतीला आधार नाही, असे नव्हे. पुढचे वाहन अचानक थांबले तरी धडक होणार नाही, एवढे अंतर मागच्या चालकाने राखावे, हा वाहतुकीचा नियमच आहे. ट्रकमागे अवघ्या १० ते १५ फुटांवरून मोटार चालवणाऱ्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दोषी ठरवले. ते योग्यच होते. कारण मागच्याला पुढचा रस्ता दिसत असतो.

परंतु सर्वसाधारण नियम म्हणजे न्याय नव्हे. त्याच वर्षी दुसऱ्या एका प्रकरणात, रात्री कोणत्याही इशारादिव्याविना रस्त्याच्या मधोमध उभ्या केलेल्या टँकरवर मागून मोटार आदळली होती. तेथे न्यायालयाने दोष टँकरचालकाचाच मानला. २०१७ मध्ये कोइंबतूर येथे मोटारचालकाने इशारा न देता एकाएकी ब्रेक लावला. मागून येणारा दुचाकीस्वार विद्यार्थी मोटारीवर आदळून पडला. बस अंगावरून गेल्याने त्याला पाय गमवावा लागला. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटारचालकावर ५०, बसचालकावर ३० आणि पुरेसे अंतर न राखणाऱ्या विद्यार्थ्यावर २० टक्के दोष ठेवला. त्याच्या भरपाईतून तेवढा वाटा वजा झाला.

दोषाचे हे मोजमाप म्हणूनच महत्त्वाचे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार प्रत्येक वाहनाचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. चालकाच्या चुकीमुळे इतरांची हानी झाल्यास त्याची भरपाई या विम्यातून मिळते. स्वतःच्या वाहनाच्या दुरुस्तीसाठी मात्र वेगळे संरक्षण घ्यावे लागते. जखमी व्यक्ती किंवा मृताचे वारस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे दाद मागू शकतात. तेथे आवाजाला किंमत नसते, पुराव्याला असते. रस्त्यावरची तडजोड नेमका हाच पुरावा पुसून टाकते.

तेव्हा सुजाण नागरिकाने आधी जखमींना मदत करावी. मग वाहनांचे क्रमांक, छायाचित्रे व साक्षीदारांची नावे जपून ठेवावीत आणि पोलिसांना व विमा कंपनीला त्वरित कळवावे. विमा हानीचा भार उचलतो. गेलेला पाय परत देत नाही. पुढच्याने वेळीच इशारा द्यावा आणि मागच्याने अंतर राखावे, यातच दोघांचे हित आहे.