साईडपट्ट्या भरून देण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
यवतमाळ

विषय : वणी, मारेगाव व झरी जामणी तालुक्यांतील ग्रामीण रस्त्यांच्या साईडपट्ट्या, नाल्या व कडेची झुडपे यांबाबत.

महोदय,

हे निवेदन नवीन रस्ता मागण्यासाठी नाही. आमच्या बहुतेक गावांपर्यंत डांबर पोहोचले आहे. त्या डांबराच्या दोन्ही अंगांना जी पट्टी सोडलेली असते, तिच्याकडे कोणी पाहत नाही, ही आमची तक्रार आहे.

नूतनीकरणाच्या वेळी डांबराचा नवा थर जुन्यावर चढतो. बाजूला मुरूम मात्र पडत नाही. असे दोन-तीन थर झाले की कडेला वीतभर पायरी तयार होते. काँग्रेस गवत माजले की ती दिसतही नाही. समोरून कोळशाचा किंवा सिमेंटचा हायवा आला की दुचाकीवाल्याला डांबर सोडावेच लागते, आणि मग तो थेट खाली जातो. सध्या कापूस वेचणीचे दिवस आहेत. भरलेली बैलबंडी एका चाकावर कलली की सगळा भार खालच्या अंगाच्या बैलावर येतो. शाळेत पायी जाणाऱ्या मुलांना तर चालायला डांबराशिवाय दुसरी जागाच नाही.

त्यात आमची जमीन काळी. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. नाली बुजलेली असली की पाणी कडेलाच मुरते, खालचा भराव मऊ पडतो आणि डांबराची कड तुकड्या-तुकड्यांनी सुटत जाते. पुढे खड्डे बुजवण्याचे काम निघते, तेही मधल्या भागात. मुरमाचा खर्च वाचवून डांबराचा खर्च वाढवायचा, हा हिशेब आम्हाला कळलेला नाही. नळयोजनेच्या पाईपसाठी आणि केबलसाठी हीच पट्टी खोदली जाते, चर नुसत्या मातीने भरले जातात आणि दबाई होत नाही. असे चर ज्याने खोदले त्याच्याकडूनच पुन्हा भरून घ्यावेत.

तक्रार कोणाकडे करायची, इथेच गावकरी अडतो. ग्रामीण मार्ग व इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे; प्रमुख जिल्हा मार्ग व राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे; प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतील रस्त्याची पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराकडे. रस्त्याकडे पाहून यातले काही समजत नाही. म्हणून प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी रस्त्याचा वर्ग, क्रमांक, ठेकेदार, दोषदायित्वाची मुदत आणि तक्रारीचा दूरध्वनी लिहिलेला मराठी फलक लावावा. यापुढील नूतनीकरणाच्या अंदाजपत्रकात साईडपट्टीच्या मुरमाची व दबाईची बाब आहे की नाही, हे ग्रामपंचायतीला कळवावे. ती पट्टी मोजल्याशिवाय देयक काढू नये.

पैशाचे कारण आम्हाला पटणारे नाही. कोळसा आणि चुनखडी आमच्याच भागातून निघते. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी खाणबाधित भागासाठीच आहे आणि रस्ते त्याच्या नियमांत बसतात. जादा भाराच्या ट्रकला मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९४ प्रमाणे २० हजार रुपये आणि वर प्रत्येक टनामागे २ हजार रुपये दंड आहे. तो नियमित वसूल व्हावा. त्याच अधिनियमाच्या कलम १९८अ खाली, रस्ता निकषांप्रमाणे न राखल्यामुळे कोणाचा मृत्यू झाला किंवा कोणाला अपंगत्व आले, तर यंत्रणेला व ठेकेदारालाही १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. त्या रकमेपुढे मुरमाच्या चार ट्रॉल्या काहीच नाहीत.

झुडपांविषयी एक विनंती. वळणांवरची वेडी बाभूळ मुळासकट काढावी, पण त्या निमित्ताने कडूनिंबाला आणि चिंचेला कुऱ्हाड लावू नये. उन्हाळ्यात धुरे व पऱ्हाट्या पेटवल्या जातात तेव्हा कडेची जुनी झाडे बुंध्यातून जळतात. पेटवणारा शेतकरी असला तरी त्याला नोटीस द्यावी, आमची हरकत नाही.

वरील सर्व यंत्रणांच्या अभियंत्यांना एकत्र बोलावून ३० दिवसांच्या आत संयुक्त पाहणी ठेवावी व तारीख ग्रामपंचायतींना आठ दिवस आधी कळवावी. कडेची पायरी मोजायला टेप आम्ही घेऊन येऊ.

आपले नम्र,
वणी, मारेगाव व झरी जामणी तालुक्यांतील ग्रामस्थ, शेतकरी व पालक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)