हप्त्यावरची चित्रकला

मंडळी, आज जरा भांडायचं ठरवूनच बसले आहे. ज्यांना गोडाधोडाचं वाचायचं असेल त्यांनी मागचा सुकेळीवरचा लेख वाचावा. :-)

विषय आहे संगणकावरच्या चित्रकलेचा. गेल्या वर्षभरात नात्यागोत्यातल्या तिघांनी आणि जुन्या विद्यार्थ्यांपैकी दोघांनी मला एकच प्रश्न विचारला, "मुलांना डिजिटल चित्रं काढायची आहेत, टॅबलेट कुठला घेऊ आणि सॉफ्टवेअर कुठलं?" आता मी मराठी आणि इतिहास शिकवलेली बाई, मला का विचारावं? तर निवृत्तीनंतर नातीचा जुना पेन टॅबलेट माझ्या हाती आला, त्यावर मी गेली चार वर्षं वसईतल्या वाड्या, विहिरी आणि रहाट काढते आणि इथे टाकते, म्हणून. माझी चित्रं काही थोर नाहीत. पण विचारायला येणाऱ्याच्या खिशात बहुतेक वेळा एक यादी आधीच असते, आणि माझा राग त्या यादीवर आहे.

परवा आलेला विद्यार्थी वालीवच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. मुलगी नववीत, एलिमेंटरीला 'अ' श्रेणी. एका क्लासने (नाव नको) तिला यादी दिली होती. पडद्यावरच चित्र काढता येतं असा मोठा टॅबलेट, दरमहा पैसे भरायचं फोटोशॉप, आणि भारी ग्राफिक कार्डाचा लॅपटॉप. क्लासची फी वेगळी. बेरीज लाखाच्या बरीच वर. मला म्हणाला, "बाई, पतपेढीतून कर्ज काढू का?"

मी म्हटलं, "नाही काढायचंस. आधी बस, चहा घे."

चहा होईपर्यंत त्याला जे सांगितलं तेच इथे लिहिते, जरा जास्त तावातावाने.

पेन टॅबलेट दोन प्रकारचे. एक साधा, म्हणजे काळी पाटी. पेन पाटीवर फिरवायचं आणि बघायचं समोरच्या पडद्यावर. दुसरा पडदेवाला, त्यात चित्र पेनाच्या टोकाखालीच उमटतं. साधा तीन-चार हजारांपासून मिळतो, पडदेवाला वीस हजारांच्या आसपास सुरू होतो आणि पुढे कुठवर जातो ते विचारू नका. दुकानदार आणि क्लासवाले म्हणतात, साध्यावर हात बसत नाही. पेटी वाजवणारा बोटांकडे बघत बसतो का? सायकल चालवणारा पायांकडे बघतो का? पहिले आठ दिवस रेघ भलतीकडे जाते, चिडचिड होते, तिसऱ्या आठवड्यात विसरायला होतं की आपण बघतोय एकीकडे आणि हात आहे दुसरीकडे. सत्तरीतल्या माझ्या हाताला जमलं, चौदा वर्षांच्या पोरीला जमणार नाही? शिवाय मान खाली घालून तासन् तास पडद्यावर ओणवं बसावं लागत नाही. आणि विरार लोकलमधून तो पडदा पाठीवरच्या सॅकमध्ये घालून रोज क्लासला न्यायचा म्हणजे... चौथी सीट मिळालेल्यांनी कल्पना करावी.

मग आकड्यांचा मारा. "याला 8192 प्रेशर लेव्हल आहेत!" म्हणजे पेन किती दाबलं हे तो टॅबलेट इतक्या पायऱ्यांत ओळखतो. पूर्वी 1024 होत्या, मग 2048, आता काही कंपन्या 16384 लिहितात. मला सांगा, तुमच्या हाताला दाबाच्या किती पायऱ्या कळतात? 2048 वाल्यावर काढलेलं चित्र आणि 8192 वाल्यावर काढलेलं चित्र शेजारी ठेवलं तर ओळखू येणार नाही. खरं विचारायचं ते वेगळंच असतं. पेनाला बॅटरी आहे की नाही (नसलेलं घ्यावं, हलकं असतं आणि चार्ज करावं लागत नाही). टोकं झिजतात, ती जास्तीची किती देतात आणि नंतर सुटी मिळतात का. ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर चालू आहे का. पाटीची लांबी-रुंदी आपल्या पडद्याच्या प्रमाणात आहे का, नाहीतर वर्तुळ काढायला जावं तर अंडं होतं. डावखुऱ्या पोरासाठी बटणं उलटी फिरवता येतात का. जपानच्या वॅकॉमचं नाव या धंद्यात मोठं आणि माल टिकाऊ, हे खरंच. पण आता ह्युऑन, एक्सपी-पेन या चिनी कंपन्यांची बॅटरीविना चालणारी पेनं शिकणाऱ्याला पुष्कळ झाली.

टॅबलेट एकदा घेतला की निदान आपला होतो. सॉफ्टवेअरचं तसं राहिलं नाही, आणि माझं खरं भांडण इथेच आहे.

अडोबीने 2012 साली सीएस 6 काढलं. त्या मालिकेतलं एकदा पैसे भरून कायमचं घेता येणारं ते शेवटचं. 2013 मध्ये कंपनीने जाहीर केलं की यापुढे फक्त वर्गणी. म्हणजे फोटोशॉप विकत मिळत नाही, भाड्याने मिळतं. भाडं थकलं की घराला कुलूप आणि तुमचं सामान आत. चित्राची फाइल तुमच्याकडे असते हो, पण ज्याने ती नीट थर न् थर उघडायची तो प्रोग्रॅम उघडत नाही. वर वर्षाच्या करारातून मधेच बाहेर पडायचं तर दंड. हा दंड गिऱ्हाइकापासून लपवला म्हणून 2024 च्या जूनमध्ये अमेरिकी सरकारने या कंपनीवर दावा लावला. अमेरिकेतला माणूस जिथे फसतो म्हणतात, तिथे आमचा नालासोपाऱ्याचा बाप बारीक अक्षरातलं इंग्रजी वाचून सही करणार?

आपण मराठी माणसांनी तरी हे ओळखायला हवं. युनिकोड रुळण्याआधी प्रत्येक कंपनीचा मराठी फॉन्ट वेगळा आणि त्यामागची सांकेतिक भाषाही वेगळी. एका फॉन्टात टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की नुसती चिन्हांची खिचडी. किती लेख, किती दिवाळी अंक, किती गावांचे इतिहास त्या फायलींत अडकून पडले. तेव्हाही म्हणत होते, "सगळे हेच वापरतात."

"मग बाई, क्रॅक कॉपी टाकून देतात ना क्लासवाले, फुकट!" हे ऐकलं की मात्र माझ्यातली शिक्षिका जागी होते. पोराने दुसऱ्याच्या वहीतून उत्तर उतरवलं तर आपण कान धरतो, आणि त्याच पोराला चित्रकलेचा पहिला धडा चोरीच्या मालावर देतो? शिवाय त्या क्रॅकबरोबर संगणकात काय काय शिरतं ते देवाला ठाऊक. आणि गंमत अशी की चोरून वापरणारं पोरही त्या कंपनीचंच पुढचं गिऱ्हाईक होतं. सवय फुकट लागते, बिल नंतर येतं.

पर्याय आहे. क्रिता. 1999 मध्ये सुरू झालेलं, चित्रकारांसाठीच वाढवलेलं मुक्त सॉफ्टवेअर. स्वीडिश भाषेत 'क्रिता' म्हणजे खडू. पण नाव ठेवताना महाभारतातला 'कृत' शब्दही त्यांच्या मनात होता म्हणे, परिपूर्ण या अर्थी. (आपला शब्द स्वीडनमार्गे परत आला, घ्या!) ब्रश शेकड्यांनी, थर आहेत, छपाईचा सीएमवायके आहे, साधं ॲनिमेशनही होतं. आठ जीबी रॅमच्या साध्या लॅपटॉपवर शिकण्यापुरतं छान चालतं. कायदेशीर फुकट, आणि ज्याला पैसे द्यावेसे वाटतील त्याच्यासाठी विकतही ठेवलंय. फ्रान्सचा डेव्हिड रेव्हॉय 2014 पासून 'पेपर अँड कॅरट' ही चित्रकथा त्यावरच काढतो. उणं काय? चित्रात मराठी अक्षरं घालायची तर मी क्रिताच्या भानगडीत पडत नाही, इंकस्केप घेते. तेही मुक्तच, जोडाक्षरं नीट येतात. अक्षरासाठी मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता, बलू हे फॉन्ट आहेत, तेही मोफत. आयपॅडवरचं प्रोक्रिएट एकरकमी मिळतं, प्रामाणिक सौदा आहे, पण त्यासाठी आधी आयपॅड आणि वर पेन्सिल घ्यावी लागते, तेव्हा ती गोष्ट घरात आयपॅड असलेल्यांची.

यावर हमखास येणारा शब्द म्हणजे 'इंडस्ट्री स्टँडर्ड'. अंधेरी-गोरेगावच्या स्टुडिओंत फोटोशॉप मागतात, हे मला मान्य. मग नोकरी लागली की तो स्टुडिओच देईल ना! थर, मास्क, ब्रश या कल्पना सगळीकडे त्याच, बटणांच्या जागा बदलतात. गोदरेजच्या टाइपरायटरवर शिकलेली मुलगी रेमिंग्टनच्या ऑफिसात उपाशी राहिली नाही. आणि इंडस्ट्री म्हणजे तरी कोण? 2025 साली ऑस्कर मिळवलेला 'फ्लो' हा ॲनिमेशनपट ब्लेंडर या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये झाला. जपानच्या घिबली स्टुडिओत वापरलं जाणारं टूंझ 2016 पासून ओपनटूंझ नावाने सगळ्यांना खुलं आहे. नववीतल्या मुलीला इंडस्ट्रीची भीती कशाला घालता?

आपल्याच जिल्ह्यातले, डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे. 2011 साली पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये गेले. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि बांबूची काडी, ही वारली चित्रांची सामग्री. त्यांचं नाव घेतलं की लोक म्हणतात, "बघा, साधनाला महत्त्व नाही." मी उलट म्हणते. साधनाला फार महत्त्व आहे! ती काडी मोडली तर दुसरी कुंपणातून तोडून आणता येत होती, कोणाला विचारावं लागत नव्हतं. शिकणाऱ्याचं साधन असंच असावं.

केरळने हे शाळांत करून दाखवलं. तिथल्या 'आयटी ॲट स्कूल'ने सरकारी शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर नेल्या, मुलं जिंप आणि इंकस्केप वर्गातच शिकतात. आपल्याकडे 2001 पासून एमएस-सीआयटी आली, आम्हा शिक्षकांनाही करावी लागली, आणि संगणक म्हणजे विंडोज आणि ऑफिस हे डोक्यात पक्कं बसलं. एलिमेंटरी-इंटरमिजिएट अजून कागदावरच होतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही, हात कागदावरच तयार व्हावा. पण पुढचं पाऊल कुठे टाकायचं हे शाळा सांगत नाही, मग ते क्लासची यादी सांगते.

असो. माझ्या विद्यार्थ्याने कर्ज काढलं नाही. साधा टॅबलेट घेतला, चार हजारांच्या आत, घरच्याच लॅपटॉपवर क्रिता टाकलं. मुलगी सध्या अर्नाळ्याच्या होड्या काढतेय, पाणी अजून जमत नाही तिला.

जूनमध्ये नवे प्रवेश सुरू होतील. पालकांनो, फी भरण्याआधी क्लासच्या टेबलासमोर बसून एवढं विचाराच: माझ्या मुलीने क्रितात केलेलं काम तुम्ही तपासाल का? तुमच्या संगणकांवरच्या सॉफ्टवेअरची पावती दाखवाल का? आणि क्लास संपल्यावर दरमहा किती रुपये भरत राहिलो तर तिला तिचीच जुनी चित्रं उघडता येतील? उत्तरं मला कळवा, मी इथे छापते. क्लासचं नाव न घालता!