पायाखालची कट्-कट्

बॉस, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. सायकलचा आवाज म्हणजे मोबाइलची रिंगटोन नव्हे. सायलेंटवर टाकला की विषय संपला, असं इथे होत नाही. मी तो टाकला होता. त्याची ही गोष्ट.

प्लॅन सॉलिड होता. दोन दिवस सुट्टी, मी आणि एक दोस्त, दोन गिअरच्या सायकली आणि नांदेड ते माहूर. पहाटे साडेचारला निघायचं. अर्धापूर, हदगाव, उमरखेड, महागाव, धनोडा. रस्ताही गमतीचा. निघायचं नांदेड जिल्ह्यातून, मध्ये यवतमाळ जिल्हा कापायचा आणि धनोड्याला पैनगंगा ओलांडून पुन्हा नांदेड जिल्ह्यात शिरायचं. एकूण एकशेतीसच्या आसपास किलोमीटर. संध्याकाळी रेणुकामातेचं दर्शन, मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी परत.

हदगावच्या आसपास डाव्या पायाखालून 'कट्' असा आवाज यायला लागला. पायडलची एक फेरी, एक कट्. दोस्त म्हणाला, थांबून बघू या का? मी म्हणालो, काही नाही रे, धूळ गेली असेल. आणि कानात इअरफोन घातले.

माहूर गावात पोचलो तेव्हा मी जाम खुशीत होतो. गडाचा चढ सुरू झाला, मी सीटवरून उठून जोर लावला आणि डावा पाय अचानक बाहेरच्या बाजूला सरकला. कसाबसा पाय टेकला. खाली बघतो तर डावा क्रँक, म्हणजे पायडल ज्या दांड्याला लागतं तो दांडा, एक्सलवरून अर्धा बाहेर आलेला. बोल्ट दोन आट्यांवर लोंबकळत होता.

चढ होता म्हणून वाचलो. ताशी सात-आठच्या स्पीडला पाय टेकता येतो. हेच दुसऱ्या दिवशी गड उतरताना, दोन्ही पायडलवर उभं राहून वळण घेताना झालं असतं तर? नंतर हॉटेलच्या खोलीत पडल्या पडल्या हाच विचार येत होता. चहासुद्धा गोड लागला नाही.

काकांचं निदान

सायकल हातात धरून खाली गावात आलो. बाजाराच्या रस्त्यावर एक सायकलवाले काका भेटले. समोर काळ्या सायकली, पाण्याची घमेली, ग्रीसचा डबा. त्यांनी क्रँक धरून हलवला आणि विचारलं, "आवाज कवापासून यायलाय?"

"हदगावपासून."

"मग हदगावलाच थांबायचं न बाप्पा!"

यावर काय बोलणार? निम्मा रस्ता मी ढिला क्रँक दामटत आणला होता. काकांनी क्रँक उतरवून आतलं भोक दाखवलं. एक्सलचं टोक चौकोनी, म्हणून भोकही चौकोनी हवं. माझं गोलसर झालं होतं. एक्सल स्टीलचा, क्रँक अ‍ॅल्युमिनियमचा. ढिल्या अवस्थेत प्रत्येक फेरीला स्टील अ‍ॅल्युमिनियमला थोडं थोडं खात गेलं. एकदा असं झालं की तो क्रँक गेला. कितीही आवळा, पुन्हा ढिला होणार.

काकांनी कोल्ड्रिंकच्या डब्याची पट्टी कापून एक्सलला गुंडाळली, शेजारच्या मोटरसायकल गॅरेजमधून आठ नंबरची अ‍ॅलन की आणली, तिच्यावर पाइप चढवला आणि बोल्ट आवळला. वर बजावलं, "गावात फिरवा. नांदेडला नेऊ नका." आम्ही ऐकलं. सायकली जीपच्या टपावर बांधून परत आलो. पैसे विचारले तर म्हणाले, चहाचे द्या.

आता खरी कबुली. ही चूक ना दुकानदाराची, ना कंपनीची. तीन आठवड्यांपूर्वी मीच घरी व्हिडिओ बघून नवा बीबी बसवला होता आणि क्रँकचा बोल्ट खिशात मावणाऱ्या मल्टिटूलने आवळला होता. या बोल्टला ३५ ते ५० न्यूटन-मीटर जोर लागतो. सोप्या भाषेत, वीतभर लांबीच्या पान्याच्या टोकाला वीसेक किलोचा भार. बोटभर मल्टिटूलने तो कसा येणार?

बीबी म्हणजे काय रे भाऊ?

बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट. दोन्ही क्रँक ज्या एक्सलवर फिरतात तो एक्सल, त्याचे बेअरिंग आणि ते ज्यात बसतात ते फ्रेमच्या तळाचं नळकांडं. तुमच्या पायातली सगळी ताकद इथूनच चेनवर जाते. टायर, ब्रेक, गिअर सगळे बघतात. हा बिचारा खाली चिखलात, कोणाच्या खिजगणतीत नसतो.

आपल्या काळ्या सायकलींमध्ये क्रँक एक्सलवर कॉटर पिन ठोकून बसवतात. आत दोन्ही बाजूंना सुटे छर्रे. हातोडा, पाना आणि ग्रीस एवढ्यावर काम भागतं. सोनीपतची अ‍ॅटलस १९५१ ची, लुधियानाची हीरो १९५६ ची. या सायकली खेडोपाडी पोचल्या आणि त्यांच्याबरोबर त्यांचे सुटे भाग आणि ते बदलणारे हातही पोचले. अ‍ॅटलसचा शेवटचा मोठा कारखाना २०२० मध्ये बंद झाला, पण ती मोडली तर रस्त्यावर काय करायचं हे काकांना अजून पाठ आहे. माझ्या सायकलचा क्रँक काढायचा पुलर मात्र त्यांच्याकडे नव्हता. असायचं कारणही नव्हतं.

कुठला घ्यायचा?

बाजारात गेलात की नावांनीच डोकं गरगरतं. फंडा असा आहे.

चौकोनी एक्सलचा सीलबंद कार्ट्रिज: छर्रे आत बंद, उघडायची भानगड नाही. खराब झाला की अख्खा बदलायचा. स्वस्त, टिकाऊ. रोज ऑफिसला आणि कधीमधी लांबच्या ट्रिपला जाणाऱ्यांनी डोळे झाकून हाच घ्यावा.

बाहेरच्या बेअरिंगचा, २४ मिलिमीटर पोकळ एक्सलवाला: शिमानोने २००३ च्या सुमारास आणलेला हॉलोटेक-२ हा यातला प्रसिद्ध. एक्सल जाड म्हणून कडक, वजनाला हलका आणि गंमत म्हणजे काढायला-बसवायला सोपा. डावा क्रँक दोन छोट्या बोल्टने चिमटीत धरलेला असतो. साधी अ‍ॅलन की पुरते. लांब पल्ल्याचं वेड लागलं असेल तर हा घ्या.

प्रेस-फिट: यात आटेच नाहीत, बेअरिंग फ्रेममध्ये दाबून बसवतात. महागड्या कार्बन फ्रेममध्ये भेटतो. फ्रेमचं माप केसभर चुकलं तरी करकर सुरू. शोरूममध्ये मस्त दिसतो, पण जवळ चांगला मेकॅनिक नसेल तर नंतर डोक्याला ताप.

ऑर्डर देण्याआधी तीन मापं बघा. नळकांड्याची रुंदी ६८ की ७३ मिलिमीटर, आटे कुठल्या जातीचे (बहुतेक बीएसए असतात) आणि चौकोनी प्रकारात एक्सलची लांबी. जुन्यावर आकडा छापलेला असतो, तोच आणा. लांबी चुकली की चेनची रेघ तिरकी जाते, नाहीतर चेनव्हील फ्रेमला घासतं.

क्रँक बदलताय तर पुढचे दातही मोजा. काळ्या सायकलला साधारण पुढे ४४ आणि मागे १८ दात असतात. पायडलच्या एका फेरीत चाक जवळपास अडीच वेळा फिरतं, म्हणजे सुमारे साडेपाच मीटर. सपाट रस्त्याला झकास, माहूरच्या चढाला गुडघ्याची वाट. पुढे २८, मागे २८ असले की एका फेरीत चाक एकदाच फिरतं, दोन मीटरच्या आसपास. हळू, पण बसून चढता येतं. लाजायचं काय त्यात?

एक मिनिटाची तपासणी

दर रविवारी करा. सायकल भिंतीला टेकवा. पायडल नाही, क्रँक धरा आणि फ्रेमच्या दिशेने आत-बाहेर ढकलून बघा. एकच क्रँक हलतो? तो ढिला आहे, आत्ता आवळा. दोन्ही एकत्र हलतात? बीबीचं बेअरिंग गेलं किंवा कप सैल झाले. चेन उतरवून क्रँक फिरवा. वाळू दळल्यासारखं लागतंय? बदलायची वेळ झाली.

काहीच हलत नाही, तरी आवाज येतोय? मग पायडल, चेनव्हीलचे बोल्ट आणि सीटचा दांडा बघा. उभं राहून चालवल्यावर आवाज थांबला तर दुखणं सीटचं. बिचाऱ्या बीबीवर आळ नको.

आता आटे. उजव्या कपाचे आटे उलटे असतात आणि डाव्या पायडलचेही. इथे भले भले फसतात आणि जोर लावून आटे खाऊन टाकतात. मी पाठ केलेलं सूत्र घ्या. पान्याचं वर आलेलं टोक चाकांच्या हिशेबाने बघायचं. पायडल पुढच्या चाकाकडे फिरवलं की आवळतं, बीबीचा कप मागच्या चाकाकडे फिरवला की आवळतो. दोन्ही बाजूंना हेच. बसवताना आट्यांना ग्रीस लावाच, नाहीतर दोन पावसाळ्यांनी ते फ्रेमशी असं लग्न लावतात की सुटता सुटत नाही.

पावसाळा संपला की जुन्या सुट्या छर्ऱ्यांच्या बीबीची 'ओव्हरऑइलिंग' करून घ्या. दुकानात हाच शब्द चालतो, ओव्हरहॉलिंग म्हणालात तर समोरचा बघत राहील. बहुतेकांत एका बाजूला पाव इंची अकरा छर्रे असतात. छर्रे नवे, ग्रीस नवं. आणि सर्व्हिस सेंटरला गाडी धुवायच्या फवाऱ्याखाली सायकल अजिबात धरू नका. तो जोर पाणी थेट बेअरिंगमध्ये घुसवतो.

जाता जाता

दुसऱ्या दिवशी आम्ही गडावर पायी गेलो. दर्शन झालं, प्रसादाचा तांबूल मिळाला. कुटलेला विडा तोंडात धरून पायऱ्या उतरताना दोस्त म्हणाला, "देवीकडे काय मागितलंस?" मी म्हणालो, "लांब दांड्याची आठ नंबरची अ‍ॅलन की."

परत आल्यावर तीच पहिली घेतली. मग नवा डावा क्रँक. बोल्ट आवळला, पन्नासेक किलोमीटर चालवून पुन्हा आवळला. हेही काकांनीच सांगितलं होतं. आणि इअरफोन आता ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असतात. माहूर परत करायचंय, यावेळी गडावर सायकलनेच. तोवर तुम्ही एक करा. आज घरी गेल्यावर क्रँक धरून हलवून बघा. एक मिनिट लागतं, शप्पथ.